सामान्यतः राहण्याचे ठिकाण

सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. माझ्या सेवापुस्तकात त्या रकान्यात सातारा जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव आहे. तेथे आता आमचे कोणी नाही. घराची एक भिंत आणि अंगणातले तुळशीवृंदावन तेवढे उभे आहे. सगळे दिवस एकत्र केले तरी मी त्या गावात चार महिनेसुद्धा राहिलो नसेन. तरीही रजा-प्रवास-सवलतीच्या अर्जावर मी दर वेळी निमूटपणे तेच नाव लिहितो. परप्रांतात नोकरी करणारे आपण सारे या प्रश्नाला सरावलेले असतो. बंगाल्याने विचारले तर 'महाराष्ट्र' म्हणावे, पुणेकराने विचारले तर 'सातारा' म्हणावे, आणि साताऱ्यात कोणी विचारले तर 'सध्या कलकत्त्याला असतो' असे सांगून मोकळे व्हावे. हे 'असतो' क्रियापद मोठे सोयीचे आहे. त्यात राहिल्याची जबाबदारी नाही आणि नसल्याची कबुलीही नाही.

तेच क्रियापद पुढे मला न्यायालयात नडले.

१८९० सालचा 'पालक व पाल्य' यांविषयीचा एक कायदा आहे. इंग्रजांनी केलेला, पण आजही चालू असलेला. त्याच्या नवव्या कलमात असे म्हटले आहे की, अज्ञान मूल ज्या जिल्ह्यात सामान्यतः राहत असेल, त्या जिल्ह्याच्या न्यायालयाने त्याच्या पालकत्वाचा विचार करावा. वाक्य किती साधे आहे! मुलाचा प्रश्न मुलाच्या गावी सुटावा, यात वावगे काय? परंतु ज्याचे आईबाप एकाच गावात राहतात त्या मुलापुरतेच ते साधे आहे. माझी मुलगी कलकत्त्याला वाढली, तेथील शाळेत जाऊ लागली, मराठीपेक्षा बंगालीत अधिक भांडू लागली, आणि २०१६ च्या मे महिन्यात, वयाच्या सहाव्या वर्षी, आपल्या आईबरोबर सुट्टीसाठी आजोळी गेली. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी. सुट्टी संपली, पण त्या दोघी परत आल्या नाहीत. आता ती 'सामान्यतः' कोठे राहत होती?

आम्हां नवराबायकोत काय बिनसले ते येथे सांगण्याचे कारण नाही. ते सांगू लागलो तर मी माझीच बाजू सांगेन, आणि ती बाजू मी शपथपत्रांत इतक्यांदा सांगितली आहे की तिच्यावर माझाच विश्वास उरलेला नाही. एवढे सांगितले म्हणजे पुरे की, लग्नाआधी ती त्या गावच्या अनुदानित शाळेत शिक्षिका होती, माझ्या बदल्यांपायी तिने ती नोकरी सोडली होती, आणि त्या उन्हाळ्यात तिला त्याच शाळेत पुन्हा जागा मिळाली होती. पति-पत्नींना एका ठिकाणी नेमावे अशी परिपत्रके आमच्या कचेरीत मीच फाइलीला लावली आहेत. अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेपर्यंत ती पोचत नाहीत.

ऑगस्टमध्ये मी कलकत्त्याच्या न्यायालयात अर्ज केला. माझे वकील वयाने पिकलेले, पानाचे शौकीन असे बंगाली गृहस्थ. त्यांनी प्रथम मला १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा काढून दाखवला. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचे नाव आहे आणि त्याच्यामागून आईचे. माझा चेहरा उजळलेला पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचे सांगितले: हा 'मागून' शब्द १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सैल केला आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावच्या रोख्यांपायी रिझर्व्ह बँकेशी वाद घातला, आणि त्यातून असा अर्थ निघाला की, बाप मरेपर्यंत आईने थांबायचे कारण नाही. तो प्रत्यक्ष सांभाळ करीत नसेल तर तीही पालक होय. शिवाय त्याच कायद्याचे तेरावे कलम मुलाच्या कल्याणाला सर्वांत वर बसवते. "तेव्हा हक्काचे विसरा," ते म्हणाले, "आपण 'सामान्यतः' या शब्दावर लढू."

आणि मग त्या एका शब्दावर आठ महिने लढाई झाली. आमचे म्हणणे असे की, सहा वर्षे कलकत्त्यात काढलेली मुलगी तीन महिन्यांत विदर्भाची कशी होईल? त्यांचे म्हणणे असे की, आई जेथे, शाळा जेथे, तेथे मूल. न्यायालयांनी असे म्हणून ठेवले आहे की, हा प्रश्न निव्वळ कायद्याचा नाही, वस्तुस्थितीचाही आहे. म्हणजे पुरावा आला, साक्षी आल्या. तारखा आल्या.

एका रिकाम्या दुपारी, पुकाऱ्याची वाट पाहत व्हरांड्यात बसलो असता, वकिलांनी मला या कलमाची एक जुनी गोष्ट सांगितली. मद्रासकडील एका निवृत्त महसुली अधिकाऱ्याने १९१० साली आपल्या दोन मुलांचे पालकत्व लेखी देऊन ॲनी बेझंटबाईंच्या हवाली केले. पुढे त्याचे मन बदलले. त्याने १९१२ साली चिंगलपुटच्या न्यायालयात दावा लावला, तो मद्रासच्या उच्च न्यायालयात गेला आणि तेथे बापाचा जय झाला. मुले मात्र तोवर विलायतेत शिकत होती. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. एक कारण हे की, विलायतेत असलेली मुले चिंगलपुट जिल्ह्यात सामान्यतः राहतात असे म्हणता येत नाही. त्यांतला थोरला मुलगा म्हणजे जे. कृष्णमूर्ती. निकाल लागला तेव्हा तो एकोणिसाच्या घरात होता.

"म्हणजे खटला संपेतो मूल मोठे झाले," मी म्हटले.

"दादा, बहुतेक खटले असेच संपतात," असे म्हणून ते पान थुंकायला उठले.

याच काळात मी एक गोष्ट केली. तिची कोठल्याही शपथपत्रात नोंद नाही. मुलीला नव्या शाळेत घालण्यासाठी तिच्या आईला कलकत्त्याच्या शाळेचा दाखला हवा होता. मी मुख्याध्यापिकेला पत्र लिहिले की, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, सबब बापाच्या संमतीवाचून दाखला देऊ नये. पत्र नमुनेदार होते. पंचवीस वर्षे मी दुसरे केले काय? माझा हिशेब असा की, दाखला नाही तर मुलगी कागदावर कलकत्त्यातच 'सामान्यतः राहत' राहील. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिला प्रवेश मिळाला. माझे पत्र फुकट गेले असे मी समजलो.

दरम्यान तिच्या आईने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दोन राज्यांच्या न्यायालयांत वाद अडकला की तो एकीकडून दुसरीकडे नेण्याचा अधिकार दिवाणी संहितेच्या पंचविसाव्या कलमाने त्या एकाच न्यायालयाला दिला आहे, आणि अशा वेळी पत्नीची सोय सहसा आधी पाहिली जाते. २०१७ च्या मार्चमध्ये माझ्या वकिलांनी मला आनंदाने फोन केला. पक्षकारांना गावोगाव फिरवण्यापेक्षा दूरदर्शी पडद्यावर बोलावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले होते. मी आशेवर राहिलो. ऑक्टोबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, दोहोंविरुद्ध एक अशा मताने, ते मागे घेतले: आधी समोरासमोर बसवून समेटाचा यत्न व्हावा, तो फसला आणि दोघांचीही तयारी असली, तरच पडदा. मला तेव्हा राग आला. माणसे समोरासमोर बसली की त्यांचा समेट होतो, असे मानणाऱ्यांनी आमचा दिवाणखाना पाहिला नव्हता, असे मी म्हणालो. वर्ष संपण्यापूर्वी माझा अर्ज विदर्भात गेला, आणि त्याच्यामागून मी.

हावड्याहून दुपारी निघणारी गीतांजली दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला पोचते. तेथून पुढे आणखी काही तास. न्यायालयाने अंतरिम हुकूम दिला होता: बापाने मुलीला दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, दोन तास, न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत भेटावे. हुकूम उदार होता. परंतु तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रिक्षाने येणारा बाप होता. मला त्या दोन तासांसाठी जाऊन-येऊन दोन रात्री आणि दोन दिवस लागत. वर्षाच्या आठ किरकोळ रजा मार्चपर्यंत संपत. मग अर्जित रजेला हात लागे. महिन्यातून दोनदा कधीच जमले नाही. एकदा जमले, त्याच महिन्यात मला वाटले की मी चांगला बाप आहे.

त्या खोलीविषयी किती लिहावे! भिंतीवर सिंह, हत्ती, फुगेवाला. कोपऱ्यात एक लाकडी घोडा, एका कानाचा. प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि त्यांवर चार बाप. आम्ही बाप एकमेकांकडे पाहत नसू. कोणी चॉकलेटचा डबा आणी, कोणी नवी सायकलच उचलून आणी. पहिला अर्धा तास मूल लाजण्यात जाई, शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे पाहण्यात. राहिलेल्या तासात बाप व्हायचे. मी तिला गणिते विचारली, कलकत्त्याच्या ट्रामच्या गोष्टी सांगितल्या, मिष्टी दोई मडक्यासकट नेले. तिच्या आईने उत्तरपत्रिका तपासायला आणलेल्या असत. दाराबाहेरच्या बाकावर ती मान खाली घालून लाल शाईने खुणा करीत बसे. ती एकदाही आत डोकावली नाही. याचा अर्थ मी त्या काळी फार वाईट लावीत असे.

कलकत्त्यात असताना मुलगी मला 'अरे बाबा' म्हणे. एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, तुमची गाडी किती वाजता आहे?" गाडीची चौकशी नवी नव्हती. 'तुमची' नवीन होते. आजोळी सगळी मुले वडिलांना अहो-जाहो करतात. तिने ते उचलले असणार, एवढाच त्याचा अर्थ. तरीही परतीच्या गाडीत, नागपूर, गोंदिया, दुर्ग अशी एकेक स्टेशने मागे पडत असता, मी त्या एका सर्वनामाचा विचार करीत पहाटेपर्यंत जागा होतो.

२०१९ साली न्यायाधीशांनी तिला आपल्या दालनात बोलावून घेतले. मूल जाणत्या वयाचे असेल तर त्याची इच्छा विचारात घ्यावी, अशी त्या १८९० च्या कायद्यातच सोय आहे. वीस मिनिटे ती आत होती. बाहेर आली ती हातात गोळ्यांची पुडी घेऊन. आत काय बोलणे झाले ते न्यायाधीशांनी कोणालाच सांगितले नाही, हे त्यांनी उत्तम केले. त्या वीस मिनिटांत तिची आई आणि मी एकाच व्हरांड्यात एकाच भिंतीला टेकून उभे होतो. तीन वर्षांत इतके जवळ आम्ही आलो नव्हतो.

मराठीत आपण याला 'ताबा' म्हणतो. शेताचा ताबा, घराचा ताबा, मुलाचा ताबा. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावले आहे. पण आमच्या दोन्ही वकिलांच्या अर्जांवर ठळक अक्षरांत 'ताबा मिळणेबाबत' असेच लिहिलेले होते, आणि तलाठ्याच्या दप्तराची सवय असलेल्या मला त्यात काही खटकले नव्हते.

२०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की, आईबाप वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील तर नुसत्या भेटीच्या हक्काने भागत नाही, संपर्काचाही हक्क हवा. शक्य तर रोज पाचदहा मिनिटे मुलाशी पडद्यावर बोलता यावे. मी त्या आधारे अर्ज केला. त्यावर सुनावणी होण्यापूर्वीच मार्च उजाडला आणि देशातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. न्यायालये बंद झाली. एक-दोन आठवडे मी वेड्यासारखा घरात फिरलो. मग एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर मुलगी होती, आणि फोन धरलेला हात तिचा नव्हता. हुकूम नव्हता, अर्ज मंजूर झालेला नव्हता. मी त्या हाताचे आभार मानले नाहीत. काय बोलावे ते सुचले नाही. पण त्यानंतर रोज साडेसातला तो फोन येत राहिला.

त्या फोनने न्यायालयाला जे जमत नव्हते ते केले असे मी म्हणणार नाही. पडद्यावर मूल पाच मिनिटांत कंटाळते. कधी ती फोन टेबलाला टेकवून गृहपाठ करीत बसे आणि मी तिच्या भांगाकडे पाहत राही. परंतु घरात बाप असतो तो तरी दुसरे काय करतो?

२०२१ च्या हिवाळ्यात आम्हांला समुपदेशक बाईंपुढे बसवण्यात आले. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यात वकिलाला हक्काने जागा नाही आणि न्यायालयाने आधी समेटाचा यत्न करावा असे सांगितले आहे. त्यामुळे तेथे आम्ही दोघे आणि बाई, एवढेच. बाई साठीच्या आसपासच्या, सुती पातळ, कपाळावर मोठे कुंकू. मी माझी टाचणे काढून कलमे सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "साहेब, हक्काचं आपण नंतर पाहू. पुढच्या वेळी तुम्ही तुमच्या रजांची यादी आणा. ताई, तुम्ही शाळेच्या सुट्ट्यांची आणा. आणि कोणीतरी रेल्वेचं वेळापत्रक आणा."

मी गंमत समजलो. पण पुढच्या वेळी त्या तीन कागदांवर जे काम झाले ते पाच वर्षांच्या शपथपत्रांवर झाले नव्हते. माझी मोठी सुट्टी दुर्गापूजेची. तेव्हा तिची शाळा चालू. तिची सुट्टी दिवाळीची. तेव्हा आमच्या कचेरीत लेखापरीक्षणाची धांदल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणून उन्हाळा लांब; त्यातले चार आठवडे माझे ठरले. दिवाळी एक वर्षाआड, पण मी रजा काढून विदर्भात यायचे. रोजचा साडेसातचा फोन कागदावर आला. मोठे प्रश्न दोघांनी मिळून ठरवावे, असेही आले. पालकत्व दोघांत वाटून द्यावे अशी शिफारस विधि आयोगाने २०१५ सालच्या दोनशे सत्तावन्नाव्या अहवालात केली आहे. आमच्या कागदावर त्याला काही नाव नव्हते, पण तेच होते.

अडले ते ने-आण करण्यावर. मी म्हणे, आणून सोडा. ती म्हणे, घेऊन जा. बाईंनी वेळापत्रकावर बोट फिरवले आणि विचारले, "मध्ये कोणतं मोठं स्टेशन लागतं?" आम्ही दोघे एकदम म्हणालो, "बिलासपूर." आम्हांला दोघांनाही तो मार्ग पाठ होता, नव्या लग्नात आम्ही कितीदा त्यावरून गेलो होतो. पुरशिसीत ओळ लिहिली गेली: 'अज्ञान मुलीस बिलासपूर रेल्वे स्थानकावरील प्रतीक्षालयात एका पालकाने दुसऱ्या पालकाकडे सुपूर्द करावे.' दोघांनी सह्या केल्या. अशा हुकुमाला शेवटचे असे काही नसते. परिस्थिती पालटली की तो बदलून मागता येतो. आम्ही अजून मागितलेला नाही.

२०२२ च्या मेमध्ये मी पहिल्यांदा बिलासपूरला उतरलो. रात्री हावड्याहून सुटणारी मेल सकाळी तेथे पोचवते. त्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. आईने सुपूर्द करण्याजोगे काही केले नाही. पिशवी माझ्याकडे सरकवली, औषधे कोणत्या कप्प्यात आहेत ते सांगितले, आणि आपल्या गाडीच्या फलाटाकडे गेली. आमच्या गाडीला पाच तास होते. आम्ही पुरीभाजी खाल्ली. मुलगी आता बारा वर्षांची. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "बाबा, माझा दाखला तुम्ही दिला नव्हता ना?"

मी विचारले, तुला कोणी सांगितले?

"कोणीच नाही. पहिलीत बाई दर महिन्याला हजेरीच्या वेळी उभं करून विचारायच्या, दाखला आणला का? मी सांगायची, बाबा आणणार आहेत."

"आईनं काही सांगितलं नाही?"

"आई म्हणायची, पोस्टात अडकला असेल."

प्रतीक्षालयात पंखा फिरत होता. मी तिला सांगितले की, दाखला मी अडवला होता. का अडवला ते सांगू लागलो आणि 'सामान्यतः' या शब्दाशी येऊन थांबलो. बारा वर्षांच्या मुलीला तो कसा समजावावा ते कळेना. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने चहाचा कागदी पेला चुरगाळला आणि विचारले, "मग आता तो कुठे आहे?"

कलकत्त्याला घरी पोचल्यावर मी तिच्या शाळेत गेलो. सहा वर्षांपूर्वीचे माझे पत्र फाइलीत जसेच्या तसे होते, खाली माझी सही आणि हुद्दा. दाखला तयार करून द्यायला कारकुनाला पंधरा मिनिटे लागली. त्याचा आता कोणालाच उपयोग नव्हता. जूनच्या शेवटी बिलासपूरला मी तो पाकिटात घालून तिच्या आईच्या हाती दिला. तिने पाकीट उघडून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि घडी करून पर्समध्ये ठेवले. तिची गाडी दोन तास उशिरा होती. ती उठून दुसऱ्या बाकावर गेली नाही.

यंदा मुलगी दहावीला आहे. परवा साडेसातच्या फोनवर ती कसलासा अर्ज भरीत होती. "बाबा, कायमचा पत्ता काय लिहू?" तिने विचारले. मी म्हटले, आईला विचार. आतून आवाज आला, "त्यांना विचार." मुलगी हसली, आणि लेखणी तशीच हातात धरून आम्हां दोघांची वाट पाहत राहिली.